क्लिक केल्यावर

रात्रीचे साडेनऊ. बाहेर उणे एकवीस.
उत्तर स्वीडनमधल्या एका खाणीच्या गावात,
नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर
इल्वा आठव्या स्लाइडवर अडकली आहे.

नकाशा तयार आहे:
करडी खाण, तिच्यातून निघून
गावाच्या पोटाखाली शिरलेली तांबडी भेग,
आणि पूर्वेला तीन किलोमीटरवर
कोरं, हिरवं, अजून कुणाचंच नसलेलं नवं गाव.
घरांसाठी तिनं चौकोन काढलेत. एकशे बारा.

त्यातली एकोणीस जशीच्या तशी उचलून नेणार.
त्यांचं सोपं आहे, त्यांना मार्ग द्यायचा:
चौकोन निवडायचा, तुटक रेघ ओढत न्यायची,
सुरुवातीला हिरवं टोक, शेवटाला तांबडं.
पहिल्या खेपेला शाळा तळ्यावरून चालत गेली.
तिनं रेघ वाकवली, शाळा रस्त्याला लागली.
चर्चला सहा सेकंद दिले,
म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या उतरायला द्यावेत तसे.

बाकीची त्र्याण्णव.
त्यांच्यासाठी यादीत वेगळा रकाना आहे: निर्गमन.
विरून जाणं. उडून जाणं. आक्रसणं.
गिरक्या घेत नाहीसं होणं.
कुणाचं घर गिरक्या घेईल, तिला कळेना.

तेहतिसावा चौकोन तिच्या आईचा.
त्याला उडून जाणं लावून पाहिलं:
घर डाव्या कडेनं तरातरा निघून गेलं,
पंगतीतून रुसून उठल्यासारखं.
ते पुसलं. विरून जाणं, अर्धा सेकंद.
फार घाईचं. तीन सेकंद. फार मुद्दाम.
सव्वा सेकंदावर बोट थांबलं.
मग विलंबाच्या चौकटीत आकडा चढत गेला,
चार, नऊ, वीस,
आणि सगळी गल्ली पुसली गेल्यावरही
आईचं घर एकटंच उभं, पांढऱ्या पडद्यावर,
खाली जमीन नाही, शेजारी कुंपण नाही.
हे सोमवारी कुणाच्या तरी नजरेत येईल.
तिनं शून्य टाकला.

उरला एकच प्रश्न: हे सुरू कशानं व्हायचं?
मागच्याबरोबर म्हणजे सगळी घरं एका दमात,
कुणाच्याच हाताला काही लागलेलं नाही.
मागच्यानंतर म्हणजे ओळीनं,
जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवणार.
क्लिक केल्यावर म्हणजे इल्वा.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे;
फिरवणाऱ्या बोटाचं काय होतं,
ते म्हणीत आलेलं नाही.

बराच वेळ ती नुसती खुर्चीत बसून होती.
मग गल्लीगणिक एक, असे अकरा क्लिक लावले
आणि दिवा मालवला.

सोमवारी सभागृहात ओल्या बुटांचा वास,
वेलचीचे पाव, थर्मासमधली कॉफी.
शाळा नीट रस्त्यानं गेली. चर्चला टाळ्या पडल्या.
मग पहिला क्लिक. दुसरा.
पाचव्यात आईची गल्ली; सव्वा सेकंद,
तेवढ्यात कुणीतरी खोकलंसुद्धा.
अकरावा झाला तेव्हा पडद्यावर
फक्त भेग होती.

तिसऱ्या रांगेतला अर्वो केम्पाइनेन उठला.
चाळीस वर्षं खाणीत, एक कान गेलेला,
त्यामुळे बोलतो ते ओरडूनच.
"मुली, जरा मागे घे."
तिनं डावा बाण दाबला. एक गल्ली परत आली.
"अजून."
दुसरी आली. बेकरीवाली. पाण्याच्या टाकीजवळची.
कुणी काही बोलेना.
बाण दाबत गेली तशी घरं येत गेली,
विरत नाही, उडत नाही, गिरकी नाही.
परत येताना ॲनिमेशन चालत नाही,
हे तिनंही पहिल्यांदाच पाहिलं:
घरं येत नाहीत, असतात.

अर्वो उभाच. त्यानं टोपी काढली नव्हती,
आता काढली, डोकं खाजवलं, परत घातली.
"आमच्याकडे कोपऱ्यात लाकडाची खोप आहे,
ती काढायची राहिली," एवढंच म्हणाला, आणि बसला.

इल्वाचं बोट बाणावरच होतं.
शेवटच्या रांगेतून आईचा आवाज आला,
विणकाम न थांबवता:
"पुढचं दाखव गं. कॉफी गार होतेय."